न्यू सेलमचं दुकान आणि १८३४ ची जप्ती: एका कर्जाच्या दाव्याची पूर्ण हकीकत

जप्तीची यादी आधी बघा: एक घोडा, त्याचं खोगीर, लगाम, जमीन मोजायचा कंपास, साखळी आणि मोजणीचं बाकी सामान. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सँगामन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे, तिथल्या सर्किट कोर्टात १८३४ साली कर्जाचा दावा लागला आणि निकालानंतर जप्तीत हे सगळं गेलं. प्रतिवादी पंचवीस वर्षांचा, अविवाहित, नावावर दुसरं काही नाही. गावातलं पोस्ट सांभाळायचा आणि काउंटी सर्व्हेअरच्या हाताखाली जमिनी मोजायचा. नाव अब्राहम लिंकन.

लिंकनच्या कर्जाची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या धड्यासारखी माहिती असते, दुकान बुडालं, भागीदार वारला, प्रामाणिक माणसाने पै न पै फेडली, झालं. पण तेव्हाच्या काउंटीचे कागद आणि ओळखीच्या लोकांनी नंतर लिहून दिलेल्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट खूप वेगळी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्या काळच्या हजारो साध्या माणसांच्या कर्जाचे दावे अगदी असेच चाललेत, फक्त त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत. म्हणून हे एकच प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहितोय.

आधी गाव. न्यू सेलम सँगामन नदीच्या काठावर टेकाडावर वसलेलं, १८२९ मध्ये जेम्स रटलेज आणि जॉन कॅमरन यांनी गिरणीच्या आधाराने वसवलं, लाकडी ओंडक्यांची वीस-पंचवीस घरं, एवढंच. लिंकन १८३१ मध्ये तिथे आला तो डेंटन ऑफट नावाच्या माणसाच्या दुकानात कामाला. ते दुकान वर्षभरात बसलं. मग १८३२ मध्ये ब्लॅक हॉक या मूळ रहिवासी नेत्याविरुद्धच्या युद्धात तो काही महिने गेला, परत आला, ऑगस्टमध्ये राज्य विधानसभेची निवडणूक लढवली, हरला. आता काय करायचं हा प्रश्न होता आणि त्याच वेळी गावातल्या हर्नडन बंधूंचं दुकान विकायला निघालं. जेम्स हर्नडनने आपला अर्धा हिस्सा विल्यम बेरीला दिला, रोवन हर्नडनने उरलेला अर्धा लिंकनला. लिंकनकडे पैसा नव्हता. रोवनने पुढे सांगितलंय की माणूस सरळ वाटला म्हणून पूर्ण रकमेची नोट लिहून घेतली आणि हिस्सा दिला.

ही नोट म्हणजे प्रॉमिसरी नोट, अमुक रक्कम अमुक तारखेला देईन असं लिहून सही केलेला कागद. हा कागद समजला नाही तर पुढचं काहीच समजत नाही म्हणून जरा थांबतो. १८३० च्या दशकात या भागात रोख पैसा फारच कमी होता. नाणी थोडी, बँकेच्या नोटांवर भरवसा नाही, त्यामुळे व्यवहार चालायचा तो उधारीवर आणि अशा कागदांवर. कागद ज्याच्या हातात तो धनको. आणि हा कागद पुढे देता यायचा, मागच्या बाजूला सही केली की तुमचं येणं दुसऱ्याचं झालं. म्हणजे तुम्ही सही केलीत शेजाऱ्याकडे बघून, तो सांभाळून घेईल या विश्वासाने, आणि सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन वीस मैलांवरच्या शहरातला भलताच माणूस दारात उभा, ज्याचा तुमच्याशी काही संबंध नाही, ओळख नाही, भीड नाही. या प्रकरणात नेमकं हेच झालं.

आता मुख्य व्यवहार, जानेवारी १८३३ चा. गावात रूबेन रॅडफर्ड नावाच्या माणसाचं आणखी एक दुकान होतं. जवळच्या क्लॅरीज ग्रोव्हच्या दांडगट पोरांनी एका रात्री त्याचं दुकान फोडून धुडगूस घातला. रॅडफर्ड वैतागला आणि जो पहिला भेटेल त्याला माल विकायला तयार झाला. पहिला भेटला विल्यम ग्रीन, लिंकनचा ओळखीचा, अगदी तरुण पोरगा. त्याने ४०० डॉलरला सगळा माल घेतला, पण त्यातली जवळजवळ सगळी रक्कम नोटांवर, आणि नोटांना तारण म्हणून दुकानाची जागा गहाण. ते गहाणखत लिंकनच्याच अक्षरात आहे आणि साक्षीदार म्हणून सही पण त्याचीच. मग ग्रीनने तो सगळा माल बेरी आणि लिंकनला विकला ७५० डॉलरला. त्यात २६५ रोख, एक घोडा, आणि उरलेल्यासाठी ग्रीनने रॅडफर्डला जे देणं लिहून दिलं होतं ते आता बेरी आणि लिंकन यांनी अंगावर घ्यायचं.

थोडक्यात, जो माल थोड्याच वेळापूर्वी ४०० ला गेला तो यांनी ७५० ला घेतला, आणि त्यातला एक जण मूळ व्यवहाराचा साक्षीदार होता, त्याला खरी किंमत पूर्ण माहिती होती! लिंकनबद्दल कितीही आदर असला तरी हा निर्णय वाईट होता हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. एवढ्याशा गावात आधीच दुकानं जास्त होती, गाव वाढायची चिन्हं नव्हती, आणि यांच्याकडे खेळतं भांडवल शून्य. ग्रीनचं मात्र बघा, त्याला वाटलं असेल की आपण मस्त फायदा काढला आणि मोकळे झालो. पण रॅडफर्डकडच्या कागदावर सही त्याचीच राहिली. बेरी-लिंकनने देणं अंगावर घेतलं हा या तिघांमधला करार, त्याने मूळ कागदावरची ग्रीनची सही पुसली जात नाही. हे पुढे त्याला महागात पडलं.

दुकानाबद्दल काउंटीच्या दप्तरात आणखी एक नोंद आहे, ६ मार्च १८३३ ची. काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनर्स कोर्टाने बेरी आणि लिंकन यांना टॅव्हर्नचं लायसन्स दिलं, म्हणजे सुटी दारू विकायची आणि वाटसरूंना जेवण-मुक्काम द्यायची परवानगी. फी ७ डॉलर, ३०० डॉलरचा बाँड, जामीन बोलिंग ग्रीन. हा बोलिंग ग्रीन गावचा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ दावे बघणारा स्थानिक न्यायाधीश, वरच्या विल्यम ग्रीनपेक्षा वेगळा माणूस, आडनावावरून गोंधळ होतो म्हणून सांगितलं. लायसन्ससोबत दर पण ठरवून दिलेत, व्हिस्की १२½ सेंट, एका वेळचं जेवण २५ सेंट, रात्रीचा मुक्काम १२½ सेंट, घोड्याची रात्र २५ सेंट. माणसाच्या झोपण्यापेक्षा घोडा दुप्पट महाग, कारण त्याला चारा लागतो. बाँडवर लिंकनचं नाव आहे पण अक्षर लिंकनचं नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने, बहुतेक बेरीनेच, केलेली सही दिसते. यावरून पुढे राजकारणात बरंच भांडण झालं, लिंकन दारू विकायचा का नाही वगैरे. कर्जाच्या दृष्टीने मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: भागीदारीत एकाने केलेलं दुसऱ्यालाही बांधतं, आणि ही दोन माणसं एकमेकांच्या नावाने कागद करत होती.

दुकान चाललं नाही. लिंकनने १८६० च्या निवडणुकीसाठी स्वतःबद्दल जी माहिती लिहून दिली त्यात या सगळ्याला दोन-तीन ओळीच दिल्यात, आम्ही कर्जात खोल खोल जात राहिलो आणि दुकान विझून गेलं, अशा अर्थाच्या. लोकांच्या आठवणींमध्ये कारण सांगितलं जातं ते असं की बेरी दारू प्यायचा आणि लिंकन पुस्तकं वाचत बसायचा. मला हे पटत नाही, निदान एवढं सोपं करून नाही पटत. या आठवणी सांगितल्या गेल्या लिंकनचा खून झाल्यावर, तीस वर्षांनी, आणि बेरी तर १८३५ मध्येच गेलेला, त्याची बाजू सांगायला कोणी नाही. ज्या दुकानाची खरेदीच जवळजवळ दुप्पट भावाने, बरीचशी उधारीत झाली ते दुकान दोन निर्व्यसनी माणसांनी चालवलं असतं तरी उभं राहणं अवघड होतं. मेलेल्या भागीदारावर सगळं ढकलणं सोपं असतं एवढंच.

७ मे १८३३ ला लिंकन पोस्टमास्तर झाला. उत्पन्न वर्षाला साधारण ५५ डॉलर, ते पण कमिशन. त्याच वर्षाच्या शेवटी काउंटी सर्व्हेअर जॉन कॅल्हूनने त्याला आपल्या हाताखाली घेतलं. सर्व्हेइंगचं त्याला काही येत नव्हतं, पुस्तकं आणून शिकला, घोडा-कंपास-साखळी जमवली आणि कामाला लागला. मजुरी कामागणिक होती, १६० एकरांचा एक क्वार्टर सेक्शन मोजला की अडीच डॉलर. या कामाने पोटाला मिळालं, जीव आणि शरीर एकत्र राहिलं, असं त्याने स्वतःच लिहिलंय. म्हणून सुरुवातीची ती यादी परत वाचली की तिचं वजन कळतं. कंपास आणि साखळी गेली की मोजणी बंद, घोडा गेला की मोजणीच्या जागेपर्यंत पोचणं बंद. धनकोने कर्जदाराची मिळकत नाही तर मिळकतीचं साधन उचललं.

आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे, त्यात कारागिराची अवजारं आणि शेतकऱ्याची औतं, बैल वगैरे जप्तीतून वगळलेत. असं कलम का लागतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता दावा. रॅडफर्डकडचं येणं सही होऊन पुढे गेलं आणि पोचलं पीटर व्हॅन बर्गन या माणसाकडे, आणि त्याने स्प्रिंगफील्डला सँगामन सर्किट कोर्टात केस टाकली. सर्किट कोर्टच का, तर जस्टिस ऑफ द पीसकडे फक्त लहान रकमांचे दावे चालायचे, मोठी रक्कम असली की काउंटीच्या ठिकाणी जावं लागायचं. तिथेही कोर्ट रोज नाही, जज्ज काउंटी-काउंटी फिरत यायचा आणि वर्षात ठरलेल्या सत्रांपुरताच बसायचा. त्यामुळे कर्जदाराला मधले काही महिने आपोआप मिळायचे, त्यात तडजोड झाली तर झाली. या केसमध्ये नाही झाली.

अशा दाव्यात भांडायला काही नसतंच. सही तुमची आहे का, आहे. पैसे दिलेत का, नाही. संपलं. धंदा बुडाला, माल महाग पडला, गावात गिऱ्हाईक नाही, यातलं काहीही बचाव होत नाही. म्हणून त्या काळच्या कर्जाच्या फायली इतक्या पातळ असतात, वादीचा अर्ज, समन्स, नोट किंवा तिची नक्कल, निकालाच्या दोन ओळी, आणि शेरीफला दिलेला वसुलीचा हुकूम ज्याच्या मागे शेरीफ काय केलं ते लिहून परत पाठवतो. खरी गोष्ट बहुतेक वेळा या शेवटच्या कागदावर असते, शेरीफच्या चार ओळींत, काय सापडलं, काय उचललं, कितीला विकलं. ज्यांना जुने दिवाणी कागद वाचायचेत त्यांनी निकालापाशी थांबू नये, उलटून मागची बाजू वाचावी.

एक भीती मात्र लिंकनला नव्हती, तुरुंगाची. इलिनॉयच्या १८१८ च्या राज्यघटनेतच होतं की कर्जासाठी कोणाला कैद करायचं नाही, अपवाद दोन, मालमत्ता धनकोंच्या हवाली करायला नकार दिला तर किंवा फसवणुकीचा दाट संशय असेल तर. पण त्याचा अर्थ असा की शरीर मोकळं आणि वस्तू मात्र जप्तीला उघड्या.

इथून पुढचं कोर्टाच्या कागदात मिळत नाही. मिळतं जेम्स शॉर्टच्या पत्रात. शॉर्ट न्यू सेलमच्या उत्तरेला सँड रिजला राहणारा शेतकरी, लोक त्याला अंकल जिमी म्हणायचे. लिंकनचा खून झाला एप्रिल १८६५ मध्ये, त्यानंतर त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन (दुकान विकणाऱ्या रोवनचा चुलतभाऊ) ओळखीच्या सगळ्यांकडून आठवणी गोळा करत होता, आणि ७ जुलै १८६५ ला शॉर्टने त्याला पत्र लिहिलं. त्यात हे प्रकरण आहे. जप्ती झाली तेव्हा लिंकन फार खचला होता, आता सगळं जाऊ दे म्हणायला लागला होता. तो शॉर्टच्या घरी बराच असायचा, शॉर्टने त्याला जमेल तेवढा धीर दिला. मग शॉर्ट लिंकनसाठी जामीन राहिला, आपल्याकडे सुपुर्दनामा करतात तसा बाँड, म्हणजे लिलावापर्यंत सामान लिंकनकडेच राहील आणि त्या दिवशी हजर केलं जाईल. लिलावाला लिंकन गेलाच नाही. शॉर्ट गेला, १२० डॉलरची बोली लावून सगळं घेतलं आणि तिथल्या तिथे लिंकनला परत दिलं.

१२० डॉलर किती होते ते मोजून बघा. अडीच डॉलरने ४८ क्वार्टर सेक्शन मोजावे लागतील तेव्हा तेवढे पैसे होतात, खाणंपिणं बाजूला ठेवून. पोस्टाचं तर दोन वर्षांहून जास्त कमिशन. एका शेतकऱ्याने कुठल्याही कागदाशिवाय ते दिले.

आणि विल्यम ग्रीन? त्याच पत्रात शॉर्ट सांगतो की ग्रीननेही या निकालापोटी आपला घोडा, खोगीर आणि लगाम १२५ डॉलरला धरून दिला, आणि लिंकनने त्याचेही पैसे नंतर फेडले. ज्याने मधल्या मधे साडेतीनशे डॉलर कमावले असं वाटत होतं त्याचाही घोडा शेवटी गेला. साखळीतल्या प्रत्येक सहीला किंमत असते ती अशी.

आता हे दोन प्रकारचे पुरावे एकत्र ठेवा. कोर्टाचं रेकॉर्ड सांगतं की निकाल झाला आणि वसुली झाली. कोर्टाच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपतं, वादीला पैसे मिळाले, फाईल बंद. पण कर्ज संपलं का, तर अजिबात नाही, ते फक्त व्हॅन बर्गनकडून शॉर्ट आणि ग्रीनकडे सरकलं, आणि तिथून पुढे त्याची एकही सरकारी नोंद नाही. लिंकन स्प्रिंगफील्डला राहायला गेल्यावर त्याने शॉर्टचे पैसे परत केले हे आपल्याला कळतं ते फक्त शॉर्ट जिवंत होता, त्याला लिहिता येत होतं आणि कर्जदार पुढे राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून. त्याच डॉकेटमध्ये, म्हणजे कोर्टाच्या दाव्यांच्या वहीत, वरखाली जी इतर नावं आहेत, त्यांचेही घोडे लिलावात कोणी मेहुण्याने, कोणी शेजाऱ्याने घेऊन परत दिले असतील, किंवा नसतील दिले. कागदावर दोन्ही केस अगदी एकसारख्या दिसतात. जुन्या कर्जाच्या दाव्यांवरून लोक सरळ निष्कर्ष काढतात, इतके दावे म्हणजे इतकी माणसं देशोधडीला लागली, तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं, की लिलावाच्या नोंदीतला खरेदीदार कोण होता आणि कर्जदाराचा कोण लागत होता हे शोधल्याशिवाय काही बोलू नका.

उलट बाजूने पण सावध राहायला हवं. लिंकनचं कर्ज ११०० डॉलर होतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा आकडा आठवणींमधून आलाय. कोर्टात दिसणारे निकाल एकेकटे याहून बरेच लहान आहेत. एकूण देणं अकराशेच्या आसपास गेलं असेलही, रोवन हर्नडनची नोट, रॅडफर्डची, इतर किरकोळ, पण ते एका जागी बेरीज करून मांडलेलं कुठल्या फायलीत नाही. लिंकन मित्रांमध्ये त्याला राष्ट्रीय कर्ज म्हणायचा, हे मात्र अनेकांच्या आठवणीत आहे.

जानेवारी १८३५ मध्ये बेरी वारला. मागे जवळजवळ काही राहिलं नाही. भागीदारीचं देणं असल्यामुळे आता धनकोंना विचारायला एकच जिवंत माणूस होता. लिंकन पळून गेला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं, त्या काळी सरहद्दीवर कर्जबाजारी माणूस रात्रीत गाशा गुंडाळून पुढच्या राज्यात जाणं ही रोजची गोष्ट होती आणि तिथपर्यंत केस घेऊन जाणं धनकोला परवडायचं नाही. तो गेला नाही. ऑगस्ट १८३४ मध्ये तो विधानसभेवर निवडून आला होता, राजधानी तेव्हा व्हँडेलिया, तिथे जायला धड कपडे नव्हते म्हणून कोलमन स्मूट नावाच्या शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले. म्हणजे ज्या काळात एका कर्जापायी घोडा-कंपास जप्त होत होता त्याच काळात दुसरं कर्ज मिळत होतं. कोर्टात निकाल लागला म्हणून गावातली पत जात नव्हती. गावाला माहिती होतं कोण देईल आणि कोण नाही. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, कारण निकालांच्या वहीवरून आपण लिंकनला बुडीत माणूस समजलो असतो आणि स्मूटने त्याच माणसाला दोनशे डॉलर दिले.

अजून एक गोष्ट जी सहसा कोणी जोडत नाही. मार्च १८३२ मध्ये, दुकान घ्यायच्या आधी, लिंकनने पहिल्या निवडणुकीसाठी जे निवेदन काढलं त्यात भरमसाठ व्याजाविरुद्ध एक अख्खा मुद्दा आहे. या व्याजाने समाज पोखरला जातोय, प्रत्येक काउंटीवर वर्षाला काही हजार डॉलरचा कर बसवून तो मूठभर लोकांना द्यावा तसा हा प्रकार आहे, व्याजाला कायद्याने मर्यादा हवी, असं तो म्हणतो. आणि मग पुढे लिहितो की अगदीच नड असेल तर कायद्याला चुकवायची वाट माणसाला सापडतेच, बाकीच्या वेळी कायदा आपलं काम करेल. तेवीस वर्षांच्या मुलाने, स्वतः कर्जात पडायच्या आधी लिहिलेलं. तेव्हा तो बाहेरून बघत होता, वर्षभरात आत होता.

आपल्याकडच्या वाचकाला इथे सुपे आठवणारच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि कर्जाचे कागद जाळले, मग ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं, आणि त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. दोन्हीकडे कागद तोच, सही, मुदत, दावा, हुकूमनामा, जप्ती. फरक मला दिसतो तो असा की दख्खनच्या कुणब्याला स्वतःच्या सहीच्या जागी काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, कोर्ट लांब, समन्स कित्येकदा पोचायचं नाही आणि हुकूमनामा एकतर्फी व्हायचा. लिंकनला प्रत्येक ओळ वाचता येत होती, गहाणखत तर त्याने स्वतः लिहिलं होतं. म्हणून १८७९ च्या कायद्याने कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन मूळ हिशोब तपासायची मुभा दिली तेव्हा ते खूप मोठं पाऊल होतं. सँगामनच्या कोर्टाने ४०० चं ७५० कसं झालं हे विचारलंच नाही, आणि कायद्याने त्याला विचारायची गरजही नव्हती.

हे प्रकरण शोधायचं असेल तर एक व्यावहारिक अडचण आधीच सांगून ठेवतो. न्यू सेलम आज मेनार्ड काउंटीत येतं, आणि बरेच जण तिथल्या कोर्टात शोधतात. पण मेनार्ड काउंटी झाली १८३९ मध्ये, सँगामन तोडून. दावा त्याआधीचा, त्यामुळे तो सँगामनच्या दप्तरात. शिवाय एका काउंटीत कोर्ट एकच नसतं, टॅव्हर्नचं लायसन्स कमिशनर्स कोर्टाच्या वहीत, व्हॅन बर्गनचा दावा सर्किट कोर्टात, ग्रीनचं गहाणखत हा तिसराच प्रकार, बेरीच्या मृत्यूनंतरचा हिशोब वारसा आणि मालमत्ता बघणाऱ्या प्रोबेटच्या कामात. एकाच दुकानाच्या बुडण्याची गोष्ट इतक्या ठिकाणी विखुरलेली आहे, आणि कुठलीही एक वही उघडली तर अर्धवट चित्र मिळतं. गाव स्वतः तर उरलंच नाही, पोस्ट १८३६ मध्ये पीटर्सबर्गला गेलं आणि १८४० पर्यंत न्यू सेलम ओस पडलं. म्हणजे दुकान तगलं असतं तरी गिऱ्हाईक तगलं नसतं.

लिंकन ९ सप्टेंबर १८३६ ला वकिलीच्या परवान्याला पात्र ठरला आणि एप्रिल १८३७ मध्ये स्प्रिंगफील्डला आला, तेच कोर्ट जिथे त्याच्यावर निकाल लागला होता. १९८५ पासून इलिनॉयमध्ये त्याच्या वकिलीचे कागद काउंटी-काउंटीच्या कोर्टातून शोधून काढायचा मोठा प्रकल्प चालला, २००० मध्ये ते सगळं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध झालं, पाच हजारांहून जास्त केसेस. त्यातल्या निम्म्याहून जास्त कर्जाच्या आहेत. आपण त्याला भाषणांवरून ओळखतो पण त्याचं रोजचं काम हेच होतं, नोटांवर दावे लावणं आणि नोटांवरच्या दाव्यात उभं राहणं, दोन्ही बाजूंनी. अनेक फायलींमधून त्याच्या सहीचे तुकडे लोकांनी कापून नेलेत, त्यासोबत मागच्या बाजूचा मजकूरही गेला, आणि ज्या साध्या माणसांच्या त्या केसेस होत्या त्यांचा एकमेव कागद फाटला, याचं मला फार वाईट वाटतं.

१८३७ च्या मंदीनंतर देशभर एवढी माणसं बुडाली की १८४१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिवाळखोरीचा कायदा केला, ज्यात कर्जदार स्वतः अर्ज करून, असेल ते सगळं देऊन, उरलेल्या देण्यातून मोकळा होऊ शकत होता. फेब्रुवारी १८४२ ला तो लागू झाला आणि मार्च १८४३ मध्ये रद्द पण झाला. तेवढ्या काळात लिंकन आणि त्याचा तेव्हाचा भागीदार स्टीफन लोगन यांनी अशी ७७ प्रकरणं चालवली. इतरांना कर्जातून सोडवायचे अर्ज तो लिहीत होता आणि त्याच्या स्वतःच्या न्यू सेलमच्या नोटा अजून पूर्ण फिटल्या नव्हत्या. स्वतःसाठी त्याने ती वाट घेतली नाही. विल्यम हर्नडनने लिहिलंय की १८४८ पर्यंत, काँग्रेसचा सदस्य म्हणून वॉशिंग्टनला असतानाही, तो पगारातून वाचवलेले पैसे या जुन्या देण्यापोटी घरी पाठवत होता. म्हणजे रॅडफर्डचा माल घेतल्यापासून पंधरा वर्षं.

शॉर्टचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. तो नंतर कॅलिफोर्नियाला गेला, तिथे त्याचं फारसं बरं चाललं नव्हतं. लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना त्याला तिथल्या राउंड व्हॅलीच्या रेड इंडियन राखीव क्षेत्रावर सरकारी नेमणूक मिळाली. आजच्या नजरेने ही सरळ वशिल्याची नेमणूक म्हणावी लागेल, आणि ज्या मूळ रहिवाशांवर तो नेमला गेला त्यांना त्यात विचारलंच गेलं नव्हतं. १२० डॉलर शॉर्टला स्प्रिंगफील्डच्या दिवसांतच परत मिळाले होते.

व्हॅन बर्गनबद्दल एवढंच, की त्याला खलनायक करायचं कारण नाही. त्याने विकत घेतलेल्या कागदाचे पैसे मागितले, मिळाले नाहीत, कोर्टात गेला, कोर्टाने दिले. त्याच्या जागी दुसरा कोणीही हेच करता. शेरीफने यादीत कंपास लिहिला तोही त्याचं कामच करत होता. ते सामान सोडवायचं तर कोणीतरी बोली लावायला हवी होती, आणि शॉर्टने ती लावली.